धाकटीचे बिबडे आणि देशाचा आकडा

दिपमाला काय काम करते, असं कोणी विचारलं की आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ती घरोघर जाऊन प्रश्न विचारते. दिपमालाला हे उत्तर अजिबात आवडायचं नाही. अक्का, निदान तुम्ही तरी नीट सांगत जा, असं ती मला म्हणायची. म्हणून नीट सांगते. देशात दर वर्षी किती माणसं नवा धंदा सुरू करतात, किती सुरू करायच्या बेतात आहेत आणि किती जणांचा सुरू होऊन बंद पडला, हे मोजायचं एक मोठं सर्वेक्षण असतं. आपला आकडा मग दुसऱ्या देशांच्या आकड्यांशेजारी मांडतात आणि आपण कुठे आहोत ते बघतात. पुण्याची एक संस्था हे काम करते, आणि धुळ्यात त्या संस्थेचं माणूस म्हणजे आमची दिपमाला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, तोंडाला स्कार्फ, हातात टॅब. एप्रिलच्या ज्या उन्हात धुळ्यातलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्या उन्हात ही देवपुरापासून साक्री रोडपर्यंत दारं ठोठावत हिंडायची.

मी गल्लीची अक्का. शाळेतून निवृत्त झाले, मुलगा-सून सुरतेला, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात काय शिजतंय ते बघायला मला भरपूर वेळ. त्या सर्वेक्षणात फक्त अठरा ते चौसष्ट वयाची माणसं मोजतात. मी चौसष्टी ओलांडली, म्हणजे उद्या मी कारखाना काढला तरी देशाला त्याचा पत्ता लागणार नाही. दिपमालाने हे मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

पण कामात ती हुशार, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या खानदेशात बाईला विचारा, तुमचा काही धंदा आहे का, ती पदर सावरून नाहीच म्हणणार. धंदा म्हटला की गाळा पाहिजे, शटर पाहिजे, वर पाटी पाहिजे आणि गल्ल्यावर पुरुष पाहिजे. ओट्यावर बसून जे होतं ते घरचंच काम, मग ती बाई अर्ध्या धुळ्याला गोधड्या शिवून विकत का असेना. दिपमालाला ही खोड पाठ होती. साक्री रोडला एका बाईने तिला दारातूनच नाही म्हणून सांगितलं. दिपमाला हलली नाही. पाणी मागितलं, आत बसली, दोरीवर टांगलेल्या ब्लाउजांकडे बघितलं आणि विचारलं, हे सगळे तुमचेच का हो? बाई हसली. मग गिऱ्हाईक कोण, दोरा-अस्तर कोण आणतं, दुसरं मशीन घ्यायचा विचार आहे का, असं गोडीगोडीने काढून घेतलं आणि शेवटी म्हणाली, अहो ताई, यालाच धंदा म्हणतात. ती बाई तिला रिक्षापर्यंत सोडायला आली. अशा कितीतरी बाया दिपमालाच्या हातून देशाच्या आकड्यात शिरल्या. परक्यांच्या बाबतीत तिचं मन मोठं होतं. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल.

दिपमाला मूळची जामनेरची. वडील तिथल्या बाजार समितीत मापाडी. तिने जळगावला राहून एम.कॉम. केलं आणि महिलांचे लघुउद्योग हाच विषय घेऊन प्रकल्प लिहिला. त्याला कॉलेजचं बक्षीस मिळालं. लग्न होऊन भिकुबाईच्या घरात आली तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं की मला नोकरी करायची नाही, मला दुसऱ्यांना नोकऱ्या द्यायच्या आहेत. भिकुबाई म्हणजे तिची सासू. तिला यातलं काही कळलं नाही, पण थोरली सून बँकेत जाऊन साहेबाशी इंग्रजीत बोलते याचं तिला कोण कौतुक. दिपमालाने पुढच्या खोलीत साड्या आणि ड्रेस मटेरियल मांडलं. माल सुरतेहून आणला, फीत कापायला नगरसेवक बोलावला, पेढे वाटले. गल्लीने पेढे खाल्ले, साड्या उलगडून बघितल्या आणि खरेदीला आग्रा रोडला गेली. वर्ष व्हायच्या आत खोली रिकामी झाली. मीही तिच्याकडून एक साडी घेतली नाही, तिच्याकडचे रंग मला शोभत नव्हते. मग ती अनुभव म्हणून सर्वेक्षणाला लागली आणि तिथेच राहिली. धंदा सुरू करून बंद करावा लागला का, असा एक प्रश्न त्यात असतो. तो विचारताना तिचा आवाज खाली यायचा, असं तिनेच मला एकदा सांगितलं.

धाकटी जाऊ सुलक्षणा नंतर आली. माहेर पिंपळनेरच्या पलीकडे, कोरडवाहू शेत, शिक्षण दहावीपर्यंत आणि तीही सुटली नव्हती. बोलणं सगळं अहिराणी. दिपमालाने तिला ‘आहे’ म्हणायला शिकवायचा फार प्रयत्न केला. ती हो ताई म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘शे’वर यायची. दिपमाला तिच्याशी चांगली वागायची, अगदी लाडानेसुद्धा. जोवर धाकटी अडाणी होती तोवर त्या दोघींचं मस्त जमत होतं.

घोडं पेंड खायला लागलं ते बिबड्यांवरून. ज्यांना बिबडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी भिजवून चांगली आंबू द्यायची, मग कांडून दळून तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालायची आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापून उन्हात वाळवायचं. घाटा थंड झाला की घट्ट होतो आणि थापला जात नाही, म्हणून हे एकटीचं काम नव्हे. आमच्याकडे चैत्र लागला की बायका एकमेकींच्या बिबड्यांना जातात. आज यशोदाबाईकडे, उद्या कमलबाईकडे. पैशाची गोष्ट नाही. जिचे बिबडे तिने सगळ्यांना वाटीभर गरम घाटा तेल घालून द्यायचा, चहा करायचा आणि आपल्याला बोलावणं आलं की उठून जायचं. कोण कोणाकडे किती थापून आली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर गल्ली त्या बाईला चिंधी म्हणते.

सुलक्षणाच्या हाताला चव होती. तिचे बिबडे तळले की फुलाच्या पाकळीसारखे हलके होत. माझी सून एका सुट्टीत पिशवीभर सुरतेला घेऊन गेली आणि तिच्या इमारतीतल्या बायकांनी फोन करकरून मागणी लावली. म्हणजे या सगळ्याची सुरुवात माझ्यामुळे झाली, पण ते कोणी बोलत नाही. सुरतेचं बघून नाशिक, नाशिकचं बघून पुणे. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये खोकी जायला लागली. भिकुबाईच्या धाकट्या मुलाने बायकोसाठी कांडायची गिरणी बसवून दिली. आम्ही बायका आपल्या पूर्वीसारख्याच जात होतो, फक्त आता जास्त वेळा. सुलक्षणा सगळ्यांच्या घरी पिशव्या पाठवायची, कोणाचंही बोलावणं आलं तरी धावत जायची. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही.

दिपमालाला मात्र वाटू लागलं. आधी तिला नुसता घाट्याचा वास नकोसा झाला. अंगणात थापणं सुरू झालं की ही भर उन्हाळ्यात खिडकी लावून बसायची. मग पाहुण्यांचं सुरू झालं. भिकुबाईकडे आलेला माणूस बसल्या बसल्या विचारायचा, बिबड्यावाली सून कोणती? भिकुबाई सुलक्षणाला हाक मारायची. दिपमाला टॅब मांडीवर घेऊन तिथेच बसलेली असायची, आणि तिच्याकडे बोट करून हीसुद्धा नोकरी करते असं कोणी म्हणायचं नाही. कपाटाच्या किल्ल्या थोरलीकडे होत्या त्या हळूहळू धाकटीच्या कमरेला आल्या. त्यात भांडण नव्हतं, धाकटीला माल ठेवायला कपाट लागायचं एवढंच. कोणी तिच्यावर अन्याय केला असता तर तिला बरं वाटलं असतं, निदान बोलायला जागा झाली असती.

कळस झाला जामनेरला, आणि तोही तिच्या माहेरच्या लग्नात. एक बाई तिला निरखून बघत आली आणि म्हणाली, तुम्ही धुळ्याच्या बिबडेवाल्या सुलक्षणाच्या जाऊ ना? दिपमाला घरी आली ती थेट माझ्याकडे. स्कार्फही सोडला नव्हता.

"अक्का, जामनेर माझं आहे," ती म्हणाली. "एम.कॉम. मी केलंय. तिथेसुद्धा मी तिचीच जाऊ?"

मी तिला चहा दिला. जळणाऱ्या माणसाला काय समजवायचं, आपलं पोट दुखलं की दुसऱ्याचं जेवण दिसतं. पण ती जळत होती हे खरं होतं आणि तिला ते कळतही होतं. लोकांच्या घरी ती विचारायची की तुमच्या ओळखीत कोणी नवा धंदा काढला आहे का, आणि समोरचा आठवत असताना हिच्या डोळ्यांपुढे अंगणातला तो पांढरा बिबड्यांचा पसारा यायचा. पुढे तिने स्वतःची एक समजूत करून घेतली. धाकटीचं ते घरचं काम आहे, तो धंदा नव्हे. ती स्वतःच तसं म्हणते. या घरात धंदा काढायची हिंमत केलेली बाई एकच, आणि ती मी, मग तो चालला असो की बुडाला असो. तेवढ्या एका गोष्टीवर दिपमालाने आपला सगळा मान टेकवून ठेवला होता. तो तिला कोणाला द्यायचा नव्हता.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात सर्वेक्षणाच्या निवडीत आमची गल्ली आली, आणि गल्लीत भिकुबाईचं घर. स्वतःच्या घरातल्यांची मुलाखत घ्यायला मनाई असते, म्हणून जळगावहून हिलाल सर आले. हे दिपमालाचे वरिष्ठ, पोरसवदा, सरळ माणूस. घरातल्या कोणाला प्रश्न विचारायचे हेही आपल्या मनाने ठरवता येत नाही. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्यालाच विचारायचं. भिकुबाईला वाढदिवस ठाऊक नव्हता आणि वयही उलटून गेलेलं. राहिलेल्यांत सुलक्षणाचा आधी निघाला.

तेव्हा अंगणात थापणं ऐन भरात होतं. यशोदाबाई, कमलबाई, मी आणि गल्लीतल्या आणखी बायका कापडाभोवती बसलो होतो. हिलाल सर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सुलक्षणा हात पुसत समोर उभी राहिली. दिपमाला उंबऱ्यात. सरांनी विचारलं, तुम्ही एकट्याने किंवा कोणाबरोबर सध्या एखादा नवा धंदा सुरू करायचा प्रयत्न करताय का?

"नही सर," सुलक्षणा लाजून म्हणाली. "धंदा कसाना? घरनंच काम शे हाई."

सरांनी भिंतीशी लावलेल्या खोक्यांच्या थप्पीकडे बघितलं. गिरणीकडे बघितलं. मग त्यांनी दिपमालाकडे बघून विचारलं, मॅडम, काय करायचं? मी पण तिच्याकडे बघत होते. साक्री रोडच्या त्या बाईपाशी ती कशी बसली होती ते तिनेच मला सांगितलं होतं. इथे तर पाणी मागायचीही गरज नव्हती. गिऱ्हाईक कोण, एवढं एक विचारलं असतं तरी पुरे होतं.

"सर, मजुरीचा प्रश्न विचारा ना," दिपमाला म्हणाली. "त्यावरून कळेल."

सरांनी तो मोठ्याने विचारला, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. या कामाची कोणाला मजुरी मिळते का?

सुलक्षणाला हसूच आलं. तिच्या लेखी आम्ही सगळ्या तिच्या बहिणी. "मजुरी कसानी? ह्या बठ्ठ्या मन्ह्या बहिनी शेतस."

दिपमाला शांतपणे म्हणाली की बाई स्वतः नाही म्हणते, मजुरी कोणाला मिळत नाही, मग धंदा म्हणून लिहायचा कसा? मजुरी सुरू व्हायच्या आधीचे धंदेसुद्धा सुरू होऊ घातलेले म्हणून मोजतात, हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्यासाठी समोरच्या बाईने हो म्हणायला हवं आणि तिने हो म्हणावं म्हणून कोणीतरी तिला समजावून सांगायला हवं. ते करणारं माणूस उंबऱ्यात गप्प उभं होतं. सरांना जळगावची गाडी गाठायची होती. त्यांनी ‘नाही’ दाबलं. सुलक्षणाने बळेबळेच त्यांच्या बॅगेत बिबड्यांची पिशवी कोंबली.

त्या संध्याकाळी दिपमालाने घरात सगळ्यांसाठी शेवभाजी केली. मला वाटी आणून दिली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मी तिला इतकी सुंदर कधी बघितली नव्हती. अक्का, देशाच्या हिशेबात तो धंदा नाहीये, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, भाजीत तिखट छान पडलंय.

पण तो प्रश्न तिने ज्याच्यासाठी काढला त्याच्यापाशी थांबला नाही. सरांनी मजुरी म्हटलं तेव्हा यशोदाबाईचा हात घाट्यात थांबला होता, हे मी बघितलं होतं. घरी परतताना ती माझ्याबरोबर चालत होती. हळूच म्हणाली, "अक्का, हाऊ माल नाशिकले काय भाव जास?"

मला माहीत होता. मी सांगितला. यशोदाबाई बोटांवर काहीतरी मोजत घरी गेली.

दुसऱ्या खेपेला कमलबाईचा गुडघा धरला. यशोदाबाईच्या भाच्याचं लग्न निघालं. बाकीच्यांचंही काही ना काही निघालं. माझी कंबर तर खरोखरच दुखत होती. नाशिकच्या एका लग्नाची मोठी मागणी होती, ज्वारी आंबून तयार झालेली, चुलीवर घाटा रटरटायला लागलेला, आणि अंगणात सुलक्षणा एकटी. भिकुबाई म्हातारी तिच्या जोडीला बसली, पण तिच्या हातून किती होणार? निम्मा घाटा थंड होऊन पातेल्यातच दगड झाला. राहिलेली ज्वारी आंबट होऊन वास मारायला लागली, ती शेजारच्या म्हशीपुढे टाकली. भिकुबाईने थोरलीला हाक मारली की जरा हात लाव. दिपमालाने आतून सांगितलं की मला पुण्याला माहिती पाठवायची आहे. तिची खिडकी त्या दिवशी उघडी होती. ती खिडकीत उभी राहून सगळं बघत होती. तिला आनंद होत होता. मागून लाजही वाटली असेल, मी नाही म्हणत नाही, पण आनंद आधी झाला आणि तो तिला लपवता आला नाही.

सुलक्षणाने नाशिकला फोन करून माफी मागितली आणि माहेरी निघून गेली. भिकुबाईने दोन्ही वेळचं जेवण सोडलं. दिपमालाने सासूला समजावलं, की आई, शेजाऱ्यांच्या जिवावर असं किती दिवस चालणार होतं, तिला झेपणारं नव्हतं ते. बोलणं अगदी बरोबर होतं. तिचा पाय त्या आठवड्यात जमिनीवर नव्हता. कपाटाच्या किल्ल्याही तिने खुंटीवरून काढून आपल्याकडे घेतल्या.

सुलक्षणा परत आली ती एकटी नाही. बरोबर नानीबाई आणि मोनाली अशा दोघी होत्या, तिच्या माहेरच्या डोंगराकडच्या. दर वर्षी मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या. तिने त्यांना रोजंदारीवर ठेवलं. मागच्या आळीत एक पत्र्याची खोली भाड्याने घेतली, खाद्यपदार्थांचा परवाना काढला, पिशव्यांवर नाव छापून घेतलं. पूर्वी ती मोठ्या मागण्या घ्यायला बिचकायची. शेजारणींना किती वेळा बोलवायचं, कोणाचे किती उपकार डोक्यावर घ्यायचे, याचा तिला संकोच वाटायचा. आता मजुरी दिली की काम सांगायला तोंड मोकळं. नागपूरपर्यंत माल जायला लागला. किल्ल्या मागायला ती थोरलीकडे गेलीसुद्धा नाही, खोलीला तिने नवं कुलूप आणलं.

इकडे यशोदाबाईने स्वतःचे बिबडे काढले. ते बघून कमलबाईचा गुडघा बरा झाला आणि तिने नागलीचे पापड सुरू केले. कोणी कुरडया, कोणी शेवया, कोणी मिरचीचा ठेचा. ज्या गल्लीत धंदा विचारला तर बायका पदराआड हसायच्या, त्या गल्लीत आता मोबाइलवर एकमेकींच्या मालाचे फोटो बघून कुजबुज चालते. एकमेकींच्या बिबड्यांना जाणं बंद झालं. वाटीभर गरम घाटा मला आता कोणी देत नाही, हवा तर विकत मिळतो.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आमचीच गल्ली निवडीत आली. भिकुबाईचं घर सोडून बाकीची घरं दिपमालाने केली. मी ओट्यावरून बघत होते. तिला या वेळी गोडीगोडीने काही काढून घ्यावं लागलं नाही. दारात उभं राहूनच बायका सांगायच्या की हो, माझा धंदा आहे, लिहून घ्या. ओळखीत कोणी नवा धंदा काढला आहे का, या प्रश्नाला नुसतं हो म्हटलं तरी चालतं, नाव सांगायची गरज नसते. पण यशोदाबाईने नाव सांगितलं, कमलबाईने सांगितलं, त्यांच्या पलीकडच्या घरानेही सांगितलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. यशोदाबाई तर सुलक्षणाशी धड बोलतही नव्हती, तरी तिने सांगितलं. दिपमाला प्रत्येक दारात ‘हो’ दाबत गेली. गल्ली संपली तेव्हा ती माझ्या ओट्यावर टेकली आणि बराच वेळ स्कार्फने वारा घेत राहिली.

भिकुबाईच्या घरासाठी हिलाल सर आले. या वेळी वाढदिवसाच्या हिशेबात दिपमालाच आली. सर खूश होते. एवढे नवे धंदे एका गल्लीत जिल्ह्यात कुठेच निघाले नाहीत, मॅडम, असं ते सांगत होते. मग त्यांना आठवलं आणि पाणी घेऊन आलेल्या सुलक्षणाला ते म्हणाले, मागच्या खेपेला तुमचं आपण नाही लिहिलं होतं, बरं का.

सुलक्षणा तांब्या खाली ठेवून म्हणाली, "सर, त्या दिन ताईनी मजुरीना प्रश्न काढा, तवय मन्हा डोया उघडनात. ताई नही बोलती ते मी आजून घरनंच काम म्हनत बसती. मन्हा धंदा ताईनी उभा कया. ते बी लिखी ल्या."

ताईमुळेच डोळे उघडले, धंदा ताईनेच उभा केला, असं ती म्हणत होती. मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. खूप शोधला, कारण असता तर मला मजा आली असती. पण पोरगी मनापासून बोलत होती. तिने खाली वाकून थोरलीच्या पायालाही हात लावला. दिपमालाने पाय मागे ओढले. टोमणा असता तर ती भांडली असती, मी तिचं वाईट चिंतलं होतं असं ओरडून सांगितलं असतं आणि मोकळी झाली असती. आता तिला ते कधीच कोणाला सांगता येणार नव्हतं. जावेचा एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नसेल.

मॅडम, सुरू करायचं का, असं सरांनी विचारलं. तिने मान हलवली. सध्या एखादा धंदा सुरू करायचा प्रयत्न आहे का? नाही. पुढच्या तीन वर्षांत करायचा विचार? नाही. बुडेल या भीतीने मागे राहाल का? हो. ओळखीत कोणी नवा धंदा काढला आहे? हो, बऱ्याच जणींनी. ती प्रश्न संपायच्या आधीच उत्तरं देत होती, कारण ते तिला पाठ होते. सरांनाही ते पाठ होते, तरी ते वाचून दाखवत होते.

शेवटचा होता मान-सन्मानाचा. तुमच्या भागात, नवा धंदा काढून ज्यांनी तो चालवून दाखवला, त्यांना लोक मान देतात का?

दिपमालाने अंगणात बघितलं. नानीबाई आणि मोनाली उन्हात खोकी टेम्पोत चढवत होत्या. सुलक्षणा मोजून घेत होती आणि भिकुबाई तिच्या मागे मागे फिरत आपल्या पदराने तिच्या डोक्यावर सावली धरत होती. थोरली आत मुलाखतीला बसली आहे याचं भानही म्हातारीला नव्हतं.

"देतात," दिपमाला म्हणाली. "फार देतात."

टॅबमध्ये ‘फार’ नव्हतं. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच होतं. सरांनी ‘हो’ दाबलं आणि दिपमाला पाण्याचा रिकामा तांब्या उचलून आत गेली.